उपकारस्तुती आणि डॉक्टरांची चिठ्ठी

उंब्रजच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं आणि "कसं काय?" म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं : "बरं हाय की. देवाची कृपा." उसाचं बिल थकलेलं असो, लेक सासरहून परत आलेली असो, महिनाभर रात्री डोळा लागलेला नसो, उत्तर बदलत नाही. ख्रिस्ती घरातला माणूस "प्रभूची कृपा" म्हणेल, एवढाच फरक. हे उत्तर खोटं असतं असं मी म्हणणार नाही. या पट्ट्यातली माणसं कृतज्ञ आहेतच. पण पुष्कळदा हे उत्तर भांड्यावरच्या झाकणासारखं असतं, आणि आत काय करपतंय ते घरच्यांनाही कळत नाही.

सातारा-सांगलीकडे ख्रिस्ती समाज थोडका आणि विखुरलेला आहे. एखाद्याचं मन खचलं, छातीत धडधड सुरू झाली, जेवण जाईना झालं, की प्रार्थनेला आलेली माणसं त्याला बहुधा एक सल्ला देतात. देवानं काय काय दिलंय ते आठव, उपकार मान, मन हलकं होईल. हा सल्ला कितपत खरा आहे, आणि कधी तो घातक ठरतो, हे शास्त्रवचन, मराठी ख्रिस्ती माणसांचा इतिहास आणि गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन समोर ठेवून तपासायला हवं. मी या सल्ल्याच्या बाजूचा आहे, पण तो ज्याच्या गळ्यात घातला जातो त्या माणसाच्या बाजूचा जास्त आहे.

आधी शब्दाकडे पाहू. मराठी बायबलनं 'उपकारस्तुती' हा शब्द रुजवला. मात्र आपल्या बोलण्यात 'उपकार' हा जड शब्द आहे. उपकाराचं ओझं होतं, त्याची फेड करावी लागते, भांडणात "तुझे उपकार नकोत" असं म्हटलं जातं, आणि 'कृतघ्न' ही तर शिवीच. नैराश्याच्या आजाराचं एक ठळक लक्षण म्हणजे अकारण अपराधीपणा. आपण सगळ्यांना भार झालो आहोत असं त्या माणसाला आधीच वाटत असतं. त्याला "उपकार मान" म्हटलं की त्याच्या कानावर पडतं, 'एवढं मिळूनही तू रडतोस, तू कृतघ्न आहेस.' बोलणाऱ्याच्या मनात माया असते, ऐकणाऱ्याच्या वाट्याला आरोपपत्र येतं.

दुसरी अडचण व्याकरणाची. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. मराठीत 'करा' हे रूप एकट्या आदरणीय माणसालाही चालतं, त्यामुळे वाचणाऱ्याला ती आज्ञा आपल्या एकट्यावर येऊन पडल्यासारखी वाटते. मूळ ग्रीकमध्ये ते निखळ अनेकवचन आहे. आज्ञा अख्ख्या मंडळीला आहे. आणि 'सर्व स्थितीत' म्हणजे त्या स्थितीत असताना, प्रत्येक दुःखाबद्दल नव्हे. इफिसकरांस पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असंही म्हटलं आहे, ते लपवून चालणार नाही. पण तिथंही आधीचं वाक्य एकमेकांना स्तोत्रं म्हणून दाखवण्याचं आहे. माणसं एकत्र बसून गाताहेत, हे तिथलं चित्र आहे. अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या एकट्या माणसाला दिलेला तो गृहपाठ नव्हे.

जुन्या करारातले उपकारस्तुतीचे विधी बारकाईनं पाहिले तर हेच दिसतं. लेवीयच्या सातव्या अध्यायात नियम आहे की उपकारस्तुतीच्या यज्ञबलीचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत उरवायचं नाही. एका घरानं एका दिवसात अख्खा पशू कसा संपवायचा? शेजारीपाजारी बोलवावेच लागणार. नियमच असा की एकट्यानं उपकार मानताच येऊ नयेत. 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात शेतकरी पहिल्या उपजाची टोपली घेऊन येतो, आणि टोपली ठेवताना त्याला जे बोलायला सांगितलं आहे त्याची सुरुवात आभारानं होत नाही. आमचा पूर्वज भटका होता, मिसरात आम्हाला छळलं, आम्ही आक्रोश केला, हे सगळं आधी मोठ्यानं सांगायचं. मगच, आणि म्हणून, हा पहिला उपज. मला हा सबंध प्रश्नाचा गाभा वाटतो. टोपलीत धान्याबरोबर दुःखाची हकिकतही ठेवायची असते. आपण ती हकिकत गाळून टाकली आणि नुसती टोपली उरवली.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट या विषयावर हमखास सांगितली जाते. दहा बरे झाले, आभार मानायला एकटा परत आला. उपदेश बहुतेक वेळा नऊ जणांच्या कृतघ्नपणावर होतो. पण क्रम पाहावा. आधी बरं होणं, मग आभार. आपण बरे झालो हे दिसल्यावर तो परतला. आणि उरलेल्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतल्याचं लूकनं कुठंही लिहिलेलं नाही. म्हणजे आभार ही बरं होण्याची फी नव्हे. आजाऱ्याला "उपकार मान म्हणजे बरा होशील" असं सांगणारा या गोष्टीचा क्रम उलटा करतो.

एलीयाचं उदाहरण तर आपण पुरेसं वापरतच नाही. १ राजे, एकोणिसावा अध्याय. संदेष्टा थकून, घाबरून रतामाच्या झुडुपाखाली पडला आहे आणि मरण मागतो आहे. देवदूत येतो तेव्हा उपदेश करत नाही, मिळालेल्या विजयाची यादी वाचून दाखवत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येतो, पुन्हा खाऊ घालतो. बोलणं फार पुढं, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब डोंगरावर. झोप, अन्न, सोबत आणि मग संवाद, हा क्रम आजचा कुठलाही चांगला मानसोपचारतज्ज्ञ मान्य करील. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आभाराची ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आणि ख्रिस्तानं स्वतः, शेवटच्या भोजनात भाकरीबद्दल आभार मानले त्याच रात्री गेथशेमानेत आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचं मित्रांना सांगितलं आणि जागे राहा म्हणून विनवलं. एका रात्रीत दोन्ही मावलं.

हे आपल्या मातीला नवं नाही. उंब्रज हे समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एकाचं गाव, आणि त्यांचं चाफळ इथून जवळच. ज्या रामदासांनी बलोपासना शिकवली त्यांनीच करुणाष्टकंही लिहिली, आणि ती इथल्या घराघरांत म्हटली जातात. देवापुढं रडणं ही भक्तीच आहे, हे शेजारच्या हिंदू घराला वेगळं शिकवावं लागत नाही. कवी नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आले असं सांगत. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी किती भांडण मांडलं ते टिळकांना पाठ होतं. मराठी ख्रिस्ती माणसाला शोक करायला परदेशी पुस्तक लागत नाही.

टिळकांचा उल्लेख आला, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे वळलंच पाहिजे. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. मराठीतलं हे थोर आत्मचरित्र सुरू होतं ते एका भयगंडाच्या हकिकतीनं. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या वेडानं ग्रासले गेले. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय चालेना, विटाळाच्या भीतीनं अख्खं घर पिळून निघालं. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान आज करू नये. पण आघात, त्यातून आलेली भीती आणि भीतीला शांत करण्यासाठी पुन्हा पुन्हा करायच्या कृती, ही साखळी आजच्या डॉक्टरांना ओळखीची वाटेल. त्या घरातली ही मुलगी. पुढं १० फेब्रुवारी १८९५ रोजी नवऱ्यानं मुंबईत बाप्तिस्मा घेतला, जवळजवळ पाच वर्षं ताटातूट झाली, आणि १९०० साली तिनं स्वतः तो मार्ग धरला. १९१७च्या सुमारास टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. साताऱ्याशी या घराचा संबंध तो. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात उपकारस्तुतीचा उपदेश शोधाल तर फारसा सापडणार नाही. सापडतात ती माणसं : कुणी आसरा दिला, कुणी जेवू घातलं, कुणी छळलं, कुणी हसवलं. दुःख एकही कमी करून सांगितलेलं नाही आणि ऋण एकही विसरलेलं नाही. अनुवादातल्या शेतकऱ्यानं टोपली ठेवताना जे बोलायचं, तेच या बाईनं अख्खं पुस्तकभर केलं आहे. कृतज्ञतेचा याहून प्रामाणिक मराठी नमुना मला माहीत नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मोजायला बसलं तर मृत्यूच मोजत राहावे लागतात. तरुणपणीच दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा, आणि १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, तोवर बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांच्या हातात होतं. रमाबाईंनी देवाच्या पुरवठ्याबद्दल भरभरून साक्ष दिली, हे खरं. पण दुष्काळात सुटलेल्या मुली-बायका केडगावला त्यांच्या आश्रमात आल्या तेव्हा त्यांच्यापुढं आधी काय ठेवलं गेलं? अन्न, कपडा, औषध, आणि मग हाताला काम. छापखाना, विणकाम, शेती, गाई-गुरं. स्तुती त्यांच्या गळ्यातून निघाली, पण पोटात भाकरी गेल्यावर. मिरजेला १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारलं तेव्हाही प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली होती. या पट्ट्यातल्या ख्रिस्ती माणसाची परंपरा ही आहे. "विश्वास ठेव, औषध सोड" हे आपल्याकडे नंतर शिरलं.

आता संशोधनाकडे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या विषयाला चालना दिली. पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे गट पाडले. एका गटानं दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञ वाटावं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी लिहायच्या, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. कृतज्ञतेच्या गटाला आयुष्याबद्दल अधिक बरं वाटलं. स्नायूंच्या दीर्घ आजाराच्या रुग्णांवरच्या एकवीस दिवसांच्या प्रयोगात झोपही सुधारल्याचं दिसलं. २००५ साली मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे आठवडाभर लिहायला लावलं, तर त्याचा परिणाम सहा महिने टिकल्याचं आढळलं. मानसोपचार घेणाऱ्या सुमारे ३०० जणांच्या एका अभ्यासात, उपचाराच्या जोडीला कृतज्ञतेची पत्रं लिहिणाऱ्यांची मनःस्थिती बारा आठवड्यांनंतर इतरांपेक्षा बरी होती, आणि ती पत्रं पाठवलीच पाहिजेत असंही नव्हतं.

हे आकडे व्यासपीठावरून सांगायला फार सोयीचे आहेत, म्हणून पुढचा आकडाही सांगितला पाहिजे. २०२० साली ओहायो राज्य विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २७ अभ्यास, ३,६७५ माणसं, एकत्र तपासली. प्रश्न नेमका आपलाच होता : कृतज्ञतेच्या सरावानं नैराश्य आणि चिंता किती कमी होते? निष्कर्ष असा की फरक पडतो, पण थोडा. नैराश्यावर किंवा चिंतेवर उपाय हवा असेल तर ज्यांचा गुण सिद्ध झाला आहे असे उपचार घ्यावेत, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. निरोगी माणसाचं मन प्रसन्न ठेवणं वेगळं आणि आजार उलटवणं वेगळं. रोज चालण्यानं हाडं मजबूत होतात, पण मोडलेल्या पायावर कुणी "चाल" म्हणत नाही.

आजारी मनाला यादी का जड जाते, याचंही कारण आहे. नैराश्यात मन एकाच घाण्याला जुंपलेल्या बैलासारखं तेच तेच विचार दळत राहतं. आठवणीतून वाईट तेवढं चटकन वर येतं, चांगलं आठवलं तरी त्याची चव लागत नाही. पाच चांगल्या गोष्टी लिहा म्हटलं तर तो लिहीलही, पण प्रत्येक ओळीला वाटेल, 'हे सगळं असून मला काहीच का वाटत नाही?' चिंतेच्या रोग्याचं वेगळं. तो मुलांबद्दल आभार मानायला जातो आणि तत्क्षणी मुलांचं काही बरंवाईट झालं तर, ही भीती उभी राहते.

मग यादीऐवजी काय? याचं उत्तर मला गोव्यातल्या एका कामात सापडतं, जरी ते कृतज्ञतेवर नव्हतं. 'संगाथ' या संस्थेनं गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली त्याचा अहवाल आला. ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीची काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. उपचाराचं सूत्र साधं होतं. बरं वाटण्याची वाट न पाहता, लहान लहान अर्थपूर्ण कृती पुन्हा सुरू करायच्या, माणसांत जायचं, आणि कुणीतरी विचारपूस करणारं सोबत हवं. भावना मागून येते.

आपल्या मंडळ्यांतली जुनी उपकारस्तुती तशीच होती. ती वहीतली यादी नव्हती, हातापायांनी करायची गोष्ट होती. हंगामाच्या सणाला जोंधळ्याचं पोतं, भोपळा, कोंबडी, उसाची मोळी घेऊन यायचं, उपासनेनंतर अनेक मंडळ्यांत त्याचा लिलाव व्हायचा, आणि जास्तीचे पैसे मोजून घेतलेली शेजाऱ्याची भाजी घरी न्यायची. बेंदराला बैल धुऊन, रंगवून, पुरणपोळी चारणारा शेजारी जे करतो त्याच जातीचं हे. त्यानं बैलाबद्दल मनात काय वाटतं ते तपासलेलं नसतं, तो त्याच्या शिंगांना बेगड लावतो. खचलेल्या माणसाला भावना मागू नका, कृती मागा, आणि तीही झेपेल एवढीच : देवळात पाणी भरून ठेवणं, आजारी म्हातारीला डबा पोचवणं, ज्या एका माणसानं मदत केली त्याला भेटून येणं. तेवढंही झेपत नसेल तर त्याच्या वतीनं इतरांनी करावं. चौघांनी छत फोडून पक्षाघाती माणूस खाली सोडला, तेव्हा मार्कनं त्या चौघांच्या विश्वासाची नोंद केली आहे.

सराव करायचाच असेल तर मोजका आणि नेमका असावा. रोज देवाच्या अगणित दयेबद्दल मोघम ओळ लिहिण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, एक गोष्ट, एका माणसाचं नाव. "मंगळवारी भावजयीनं न विचारता धारा काढल्या." आणि त्याच पानावर वर, आधी, जे दुखतंय ते. फिलिप्पैकरांस पत्रातही, जे पौलानं बंदिवासातून लिहिलं, मागणी आणि आभार एकाच वाक्यात आहेत. मागणं गिळून आभार माना असं तिथं नाही.

आता जे सांगायला मला राग येतो ते. नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला "प्रभूवर विसंबतोस की गोळीवर?" असं विचारणारे आपल्यात आहेत. मधुमेहाच्या गोळीबद्दल असा प्रश्न कुणी विचारत नाही. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्यांचं व्यसन लागत नाही, पण ती मध्येच एकाएकी बंद केली तर त्रास होतो, आणि आजार उलटला तर जिवावर बेततं. कुणाच्या सभेत हात वर करून गोळ्या सोडल्याची साक्ष दिली जाते तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांमागे जवळपास तिघांना त्या वेळी नैराश्य होतं, आणि निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के होतं. या अडलेल्या वाटेवर आपण आणखी एक दगड ठेवायचा का?

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिलं, कशातच गोडी वाटेना, झोप आणि भूक बिघडली, तर ते डॉक्टरकडे जाण्याचं कारण आहे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे, तिथं मराठीत बोलता येतं. उंब्रजहून कराड वीसेक किलोमीटर, तिथं कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे. १४४१६ हा आकडा प्रत्येक देवळाच्या फळ्यावर, त्या रविवारच्या गीतांच्या क्रमांकांखाली लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो.

येत्या हंगामाच्या सणाला एक गोष्ट करून पाहावी असं मला वाटतं. पोती पुढं ठेवली जातात तेव्हा, लिलावाआधी, दोघा-तिघांना आपलं वर्ष जसं गेलं तसं सांगू द्यावं. ऊस वाळला, पावसात भिंत पडली, एप्रिलपासून डोक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, अजून नीट झोप लागत नाही, तरी ही एवढी शेंग आणली आहे. मध्येच कुणी "हालेलूया" म्हणून तोडू नये. पाळकसाहेबांनी ते सगळं त्याच्याच शब्दांत देवापुढं ठेवावं, आणि उपासना सुटल्यावर दारातच विचारावं, पुढच्या तारखेला कराडला त्याच्याबरोबर कोण जातंय.